कमावलेली सीट

बुलेटला हाताने कोरलेली लेदरची सीट बसवायची आणि तीही स्वतः करायची, असं डोक्यात घेतलं. कातड्याचे दोन मोठे तुकडे, पावसाळ्यातले नऊ रविवार आणि जिमची एक लोखंडी प्लेट यांची त्यात वाट लागली. सीट झाली. पण आंदर मावळातल्या एका ओसरीवर जे ऐकलं, ते सीटपेक्षा जड निघालं.

बाबांची जुनी बुलेट माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तीन गोष्टी बिघडलेल्या होत्या. हॉर्न, बॅटरी आणि सीट. पहिल्या दोन्ही गॅरेजवाल्याने एका दुपारी उरकल्या. सीट बघून तो म्हणाला, ‘‘ताई, नाना पेठेत जा. बसल्या बसल्या नवीन रेक्झिन मारून देतील.’’

शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण त्या रात्री मी नेटवर भटकत बसले आणि फसले. अमेरिकेत घोड्यांच्या खोगिरांवर फुलं-पानं कोरणाऱ्या कारागिरांची कला पुढे मोटरसायकलवर चढली. तिकडच्या कस्टम बाइक्सवर जाड चामड्याच्या, कोरीव सीट्स दिसतात आणि एकेक सीट बघून जीव खुळा होतो. शिवाय सुरुवातीच्या काळात मोटरसायकलवर चामड्याचीच सीट असायची, सायकलच्या सीटची थोरली बहीणच म्हणा ना. मग माझ्या बुलेटने काय पाप केलंय? ती तर जुनी स्टँडर्ड ३५०. गिअर उजव्या पायाला, पुढची सीट वेगळी आणि खाली दोन गुबगुबीत स्प्रिंगा. अशा सीटला चामडं शोभणारच!

पुण्यात एक वीकएंड वर्कशॉप केलं. दोन दिवस, फी साडेतीन हजार, त्यात कॉफी आणि कुकीज. त्यात मी एक कार्ड-होल्डर बनवला, त्यावर स्वतःचं नाव ठोकलं आणि स्वतःला कारागीर समजायला लागले. त्या जोरावर कोल्हापूरहून साडेतीन मिलिमीटर जाडीचं म्हशीचं कातडं मागवलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. चामडं दोन तऱ्हांनी कमावतात. बाजारातल्या बहुतेक बॅगा, जॅकेटं, सोफे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात. ते मऊ आणि लवचीक असतं, पण त्यावर कोरलेलं टिकत नाही, दाबलेली रेघ परत फुगून येते. कोरायला लागतं ते झाडांच्या सालीने आणि फळांनी कमावलेलं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच तयार व्हायचं. कातड्याची पिशवी शिवायची, ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरत राहायचं. आठवड्यामागून आठवडे ते पाणी झिरपत राहतं आणि कातड्याचं चामडं होतं. आपल्या भाषेत चामडं ‘कमावतात’. शरीर कमावतात, पैसा कमावतात, तसंच.

ठोकाठोकी, पण कुठे?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ‘‘मिक्सर बिघडलाय का?’’ त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. मी हातोडी खाली ठेवली आणि आजोळी फोन लावला.

माझं आजोळ आंदर मावळात. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर कान्हे फाट्याला आत वळायचं, रेल्वे ओलांडायची, टाकवे बुद्रुक मागे टाकायचं. मग डोंगर जवळ यायला लागतात आणि रस्ता अरुंद होतो. आंद्रा नदीच्या खोऱ्यातला हा मावळ. पुढे वडेश्वर, खांडी, कुसूर आणि त्याच अंगाला टाटांच्या ठोकळवाडी धरणाचं पाणी. शंभर वर्षांपूर्वी भिवपुरीच्या वीजकेंद्रासाठी अडवलेलं. पावसाळ्यात बाइकवाले या रस्त्यावर फोटो काढायला येतात. मी चामडं बडवायला गेले.

जूनचा दुसरा रविवार होता. सामान ओट्यावर मांडलं तोच आजी बाहेर आली.

‘‘अगं, ते कातडं घरापाशी नको. तिकडं गोठ्याकडं बस.’’

मी निमूट गोठ्याकडे गेले. माझी ऑफिसची लेदरची बॅग आजीच्या देवघरासमोर कितीदा पडलेली असते. त्यावर ती कधी काही बोललेली नाही. ही विसंगती तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

चिखल

डिझाइन जोरदार होतं. मध्ये कवटी, दोन्ही बाजूंना ज्वाळा! वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं, कोरण्याआधी चामडं ओलं करा. मी बादलीत बुडवलं. चाकूने रेघ ओढली, छान उमटली. शेजारून ठशाने दाबत गेले. अर्ध्या तासाने कवटी रडायला लागली. रेघा पसरल्या, कडा विरघळल्या, ज्वाळांचा शेवयाचा भात झाला.

‘‘चिखल क्येलास की गं पोरी.’’

अंगणात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्यावर इरलं नाही, छत्री नाही, खताच्या गोणीची खोळ. गाव त्यांना तात्या म्हणतं. माझी आईही त्यांना तात्याच म्हणते. ते चर्मकार समाजातले. गावातले शेवटचे, ज्यांच्या हाताला हे काम येतं.

‘‘किती पानी पाजलंस? आता त्याला वाळू दे. पुन्हा वलं करशील तवा फडकं फिरवायचं नुसतं. मंग थांबायचं. रंग परत पयल्यासारखा दिसाय लागला की गालाला लाव. गार लागलं पायजे, पन वलं न्हाई लागलं पायजे. तवा ठोक.’’

वर्कशॉपमधल्या मॅडमनी यासाठी पीपीटीच्या चार स्लाइड्स दाखवल्या होत्या. तात्यांनी दोन वाक्यांत काम संपवलं. पुढचा अख्खा महिना मी गालाला चामडं लावत होते.

दुसऱ्या रविवारी ते परत आले, तिसऱ्यालाही. मी खराब झालेल्या तुकड्यावर सराव करायची आणि ते अंगणातून सांगायचे. चाकू निम्म्या जाडीच्या आतच थांबव. ठसा एकाच बाजूला दाब, म्हणजे दुसरी बाजू आपोआप वर उठलेली दिसते. हातोडीचा जोर प्रत्येक घावाला सारखा ठेव. कोरीव कामाची सगळी जादू एवढ्यातच आहे. चामड्यावर काही ‘चढवत’ नाहीत, आजूबाजूचं खाली दाबतात.

बोलता बोलता तात्यांची कहाणीही उलगडली. त्यांचे वडील मोटा शिवायचे. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट, बैलांनी ओढायची. तिच्या शिवणीतून थेंब गळला तर शिवणाऱ्याची अब्रू जायची. इंजिनं आली, मोटारी आल्या, मोट गेली. मग वहाणा. प्लास्टिकच्या चपला आल्या, वहाणाही गेल्या. उरल्या बैलांच्या घुंगरमाळा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा ते कामही आटलं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परत परवानगी मिळाल्यावर पाच-सहा माळांचं काम आलं, पण तोवर हाताला कंप सुटला होता.

तिसऱ्या रविवारी पाऊस तिरका यायला लागला. मी म्हटलं, ‘‘तात्या, आत या ना, इथे शेडमध्ये बसा.’’

‘‘बरा हाय हितंच,’’ ते म्हणाले.

आजीने चहा पाठवला. मला स्टीलच्या पेल्यात. तात्यांना कपात, कान तुटलेल्या. चहा पिऊन झाल्यावर तात्यांनी नळाखाली तो कप स्वतः धुतला आणि गोठ्याच्या खिडकीत ठेवला. ठरलेल्या जागी. माझ्या लहानपणापासून त्या खिडकीत एक कप असतो. तो कोणाचा, हा प्रश्न मला तोपर्यंत कधी पडलाच नव्हता.

मी आजीला काही बोलले नाही. पुढच्या रविवारी सगळं सामान उचललं आणि तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. याला धाडस म्हणायचं की पळवाट, ते मला आजही सांगता येत नाही.

कवटी गेली, लोंबी आली

तात्यांच्या घरी पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात दोन रापी, तीन आऱ्या, मेणाचा गोळा. रापी म्हणजे चामडं कापायचं पातं, आरी म्हणजे शिवणीला भोकं पाडायचा टोकदार दाभण. माझी इम्पोर्टेड हत्यारं शेजारी ठेवली. तात्यांनी एकेक हातात घेऊन पाहिलं. फिरत्या मुठीचा चाकू त्यांना फार आवडला. रबरी मुठीची आरी बघून म्हणाले, ‘‘ही ठेव ल्येकरांस्नी खेळाया.’’

कातड्याचा दुसरा तुकडा त्यांच्यासमोर उलगडला. राज्यात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यापासून इथल्या कारागिरांची भिस्त म्हशीच्या कातड्यावर आहे. हे कातडं जाड असतं, त्याचे दाणे मोठे. त्यावर नाजूक रेघ पटकन हरवते. तात्यांनी हात फिरवून पाठीकडचा घट्ट भाग निवडला. पोटाकडचा भाग ताणला जातो, सीटला चालत नाही.

कवटी रद्द झाली. ‘‘त्या मढ्याच्या डोस्क्यावर बसनार व्हय?’’ असा बिनतोड मुद्दा होता. समोर खाचरांत भाताची लावणी चालली होती. म्हटलं, लोंबी कोरू. मागच्या बाजूला एकच वाकलेली लोंबी, कडेने दुहेरी रेघ, बस्स. नवशिक्यासाठी हे डिझाइन फार सोयीचं निघालं. दाणा म्हणजे एकच ठसा, पुन्हा पुन्हा. एखादा वाकडा गेला तरी निसर्गाच्या नावावर खपतो.

पाचव्या रविवारी लोंबी पूर्ण झाली. तात्यांनी बोट फिरवलं. ‘‘आता बोटाला कळतंय,’’ म्हणाले. मी हवेत!

आणि मग मी माती खाल्ली

तात्यांनी बजावलं होतं, सीटचा आकार द्यायचं काम पुढच्या रविवारी इथेच करू. मला कुठला धीर? बुधवारी रात्री फ्लॅटमध्ये मी चामडं ओलं केलं, सीटच्या पत्र्यावर दाबून बसवलं, कडेने लोखंडी क्लिपा लावल्या. मध्ये खोलगटपणा यावा म्हणून व्यायामासाठी घेतलेली अडीच किलोची लोखंडी प्लेट ठेवून दिली. गुरुवारी सकाळी प्लेट उचलली. खाली पौर्णिमेच्या चंद्राएवढा निळा-काळा डाग. कडेला क्लिपांचे वीसेक छोटे डाग. माझी लोंबी अमावास्येच्या शेतात उभी होती.

यामागचं केमिस्ट्री सोपं आहे. झाडाच्या सालीत टॅनिन असतं. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस वापरून पूर्वी शाई करायचे, ती याच तत्त्वावर. थोडक्यात, मी सीटवर शाई सांडली होती. लिंबाचा रस चोळला. छोटे डाग फिकट झाले, मोठा हलला नाही.

सहाव्या रविवारी चोरासारखी तात्यांसमोर बसले. ते रागावले नाहीत.

‘‘डाग काढत बसू नगं. समदंच काळं करू.’’

परसात गेले, गंजके खिळे, मोडका विळा, नालाचे तुकडे गोळा केले. मडक्यात पाणी, त्यात गुळाचा खडा, त्यात हे लोखंड. वर फडकं बांधलं. ‘‘दोन आयतवार,’’ म्हणाले. आंध्रातल्या कलमकारी कापडावरची काळी रेघही लोखंड आणि गूळ आंबवूनच करतात. परदेशातले हौशी कारागीर हेच काम व्हिनेगरमध्ये खिळे भिजवून करतात.

‘तुमचं लेदर, आमचं कातडं’

त्याच दिवशी तात्यांचा मुलगा भेटला. तळेगावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. गावाच्या नात्याने तो माझा मामा लागतो. पण दारात बाइक लावून आत येताना त्याने ओसरीवरचा पसारा पाहिला आणि म्हणाला, ‘‘नमस्कार मॅडम.’’

तात्या मागे गेले तेव्हा तो समोर बसला. आवाज शांत होता.

‘‘मॅडम, मी बाबांना हे काम सोडायला लावलं होतं. पेटी माळ्यावर टाकली होती. शाळेत पोरं मला नावाने हाक मारत नव्हती, जातीने मारायची. दप्तराला वास येतो म्हणायची. माझ्या मुलाने हे बघू नये, एवढीच इच्छा होती. तुमच्यामुळे पेटी खाली आली.’’

मी काहीतरी बोलायला गेले. कला जपली पाहिजे, हँडमेडला आता किती मागणी आहे, वगैरे. तुमच्या-माझ्यासारखे लोक बोलतात तसंच.

‘‘मागणी आहे ना, माहिती आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण तुम्ही केलं की ते लेदर. आम्ही केलं की कातडं.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशीच चप्पल उतरवली आणि सुरुवातीला तिचं मूळ सांगितलंच नाही, तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो! मीही स्टेटस टाकलं होतं. पुढे कंपनीने मूळ मान्य केलं. ‘आमची’ चप्पल, ‘आमचा’ वारसा, असं मी लिहिलं होतं. आणि माझ्या आजोळच्या खिडकीत कान तुटलेला कप होता.

‘‘एक विचारू?’’ तो म्हणाला. ‘‘पुण्यात क्लासला किती दिले?’’

‘‘साडेतीन हजार. दोन दिवसांचे.’’

‘‘आणि बाबांना काय देणार?’’

खरं सांगते, माझ्या डोक्यात धोतरजोडी आणि मिठाईचा पुडा होता. मान म्हणून.

‘‘मान राहू द्या,’’ तो म्हणाला. ‘‘क्लासचा रेट लावा.’’

हिशेब त्यानेच केला. दिवसाला सतराशे पन्नास. तात्यांच्या ओसरीवरचे रविवार सहा धरले, तर साडेदहा हजार. अंगणात उभं राहून शिकवलं ते त्याने धरलं नाही. मी फ्रीलान्सर, माझी बिलं तीन-तीन महिने अडकतात. पण कोणीतरी माझ्या लेखाला पैशांऐवजी मिठाईचा पुडा दिला तर मला कसं वाटेल, हे मला नीट माहीत आहे. दोन हप्ते ठरले. पहिला तिथेच मोबाइलवरून पाठवला. तात्यांना आकडा कळला तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे आणि मुलाकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘मंग आता चांगलंच शिकवाया लागंल.’’

काळी सीट

सातव्या रविवारी वादी कापायला शिकले. वादी म्हणजे चामड्याची अखंड पट्टी. गोल तुकडा घ्यायचा आणि कडेने सलग कापत आत यायचं, एका तळहाताएवढ्या तुकड्यातून काही हात लांब दोरी निघते. माझी दर वीतभर अंतरावर तुटत होती.

आठव्या रविवारी मडकं उघडलं. वास विचारू नका! तात्यांनी फडकं बुडवून एकदा फिरवलं. बदामी चामडं डोळ्यांदेखत राखाडी झालं, मग जांभळट, मग गर्द काळं. डाग कुठे होता, शोधूनही सापडेना. रंग वरून बसलेला नसतो, आत गेलेला असतो, त्यामुळे तो खरवडून निघत नाही. लोंबीच्या खाचांत काळा अधिक गडद झाला आणि प्रत्येक दाणा सुटा दिसायला लागला. सोड्याच्या पाण्याने पुसलं, म्हणजे उरलेला आंबूसपणा मरतो. मग शिवण. वर कोरलेला तुकडा, खाली साधा तुकडा, मध्ये पत्रा आणि अर्धा इंच फोम. गंजलेला पत्रा घासून, रंग मारून, फोमने झाकलेला, नाहीतर पुन्हा तीच शाई! कडेने दोन्ही तुकडे वादीने बांधत गेलो. भोकं मी पाडली, वादी तात्यांनी ओढली. त्यांचा हात कापतो, पण ओढ ढिली पडत नाही.

नवव्या रविवारी एरंडेल आणि मेण चोळून सीट बुलेटवर चढली. पहिली किक तात्यांच्या मुलाने मारली. टाकव्यापर्यंत जाऊन आला. उतरताना सीटवर हात ठेवून म्हणाला, ‘‘बसायला टणक आहे.’’

आहेच. महिन्याभरात बसणाऱ्याचा आकार घेईल, असं तात्या म्हणतात. तिला पाऊस चालत नाही, त्यामुळे डिकीत कायम प्लास्टिकची पिशवी असते. डावीकडचे चार टाके वाकडे आहेत, ते माझे. नाना पेठेत हेच काम खूप स्वस्तात, खूप लवकर आणि वॉटरप्रूफ झालं असतं.

आजीला मी शेवटी विचारलं, कपाचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आमच्या वेळंला तसंच होतं.’’ पुढच्या खेपेला गेले तेव्हा खिडकीत कप नव्हता. तात्याही त्या दिवशी आले नव्हते, त्यामुळे त्यांना चहा कशात मिळतो, ते अजून कळायचंय.

गेल्या आठवड्यात तात्यांच्या मुलाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. ओसरीवर एक उघडी सीट, पत्रा आणि स्प्रिंगा. त्याच्या कंपनीतल्या सुपरवायझरची बुलेट. खाली मेसेज: ‘कोरायला तुम्ही या, शिवायला बाबा. रेट मी सांगितलाय.’

तुम्हालाही करायचीय?

• चामडं घेताना ‘व्हेज टॅन’ असंच मागा. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर, पाठीकडचा भाग.

• जुन्या सीटचा पत्रा जपा. त्यावर वर्तमानपत्र दाबून कागदी नमुना काढा आणि कडेने दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

• कोरताना चामडं पसरतं. मागच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावली तर आकार राहतो.

• ओल्या चामड्याजवळ लोखंड आणू नका. प्लास्टिकच्या क्लिपा वापरा. जिमच्या प्लेट जिममध्येच शोभतात.

• पावसाळ्यात ओलं चामडं बंद खोलीत ठेवलं की बुरशी धरते. पंख्याखाली, सावलीत वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, तडे जातात.

• आणि शिकवणाऱ्याला फी विचारा. आधीच.